न पाहिलेल्या मठाचं गाव

६ मे, नेपरव्हिल
प्रवासाची परवानगी आजही नाही. ग्रीन कार्ड लटकलेलं असताना तिच्याशिवाय देशाबाहेर गेलं की अर्ज बाद. संदीप म्हणाला, "इतकी वर्षं थांबलो, आता रिस्क नको गं." बरोबरच आहे त्याचं. नवरा तरी काय करणार. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून होत आलं, आणि ज्या मठाच्या गावावर तो आहे, ते फ्रान्समधलं गाव मी अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

९ मे
माझं तिकीट कॅन्सल केलं. ईशाचं ठेवलं. लेक इथेच जन्मलेली, तिला काही अडत नाही. "नॉट विदाउट यू, आई." मी म्हटलं, जा. आपल्यापैकी कोणीतरी पाहून येऊ दे.
नंतर भांडी उगाच आपटली.

१४ मे
त्या गावाची गोष्ट: आधी नदीकाठी चार-दोन ख्रिस्ती साधू. मग संताच्या अस्थी आल्या, यात्रेकरू आले, मागोमाग पाव भाजणारे भटारी, मेणबत्तीवाले, खाणावळी. मठाने गाव पोसलं आणि जत्रेच्या करावरून तेच गाव मठावर उलटलं. पुढे मठ पाडला तेव्हा दगड नेऊन लोकांनी घरं बांधली. पुण्यात एमएला वाचलं होतं हे. वाटलं होतं, लग्नानंतर एकदा...

२ जून
ईशा पोचली. व्हिडिओ कॉल.
"आई, व्हिच वे?"
"उजवीकडे वळ. कमान लागेल."
लागली. पुढे एका घराच्या भिंतीत मठाचा कोरीव दगड, देवदूताचा अर्धा चेहरा. शेजारी कोणाचे तरी कपडे वाळत. ईशा दगडावरून हात फिरवत होती. मी फोन संदीपकडे दिला.

३ जून
तिला उत्तरेच्या वेशीकडे पाठवलं. माझ्या मांडणीनुसार बाहेर भटाऱ्यांची वस्ती होती, गाड्या तिथूनच आत यायच्या, शेवटचं प्रकरण सगळं त्यावर.
"आई, इट्स जस्ट अ क्लिफ. खाली रिव्हर आहे."
नीट बघ म्हटलं. नीट बघितलं तिने. गाडी चढेल अशी जागाच नाही. जुन्या नकाशात उतार दिसत नाहीत. तिथे उभी राहिले असते तर लगेच कळलं असतं.

७ जून
माझ्या गाइड हेलनबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांब. स्वतः जाऊन ये, मग सबमिट कर." तोवर परवानगी येईल? संदीप म्हणतो, प्रकरण काढून टाक, डिग्री घे, मोकळी हो.
दुपारभर फाइल उघडून बसले. भटारी मग राहत तरी कुठे असतील?