कर्टिसच्या नावावर काहीही नको

मी, व्हर्ना हाउगेन, वय एकोणऐंशी, राहणार बेमिजी, मिनेसोटा, पूर्ण शुद्धीत आणि कोणी मागे न लागता माझ्या पश्चात काय करावं ते लिहून ठेवते. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी मार्लिस हिच्या ताब्यात, विश्वस्त म्हणून जावी. मुलगा कर्टिस याच्या नावावर काहीही करू नये. कोणी भुवया उंचावण्याआधी पुढचं वाचावं.

२. कर्टिसवर त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारपणाच्या थकलेल्या बिलापायी कोर्टाचा वसुलीचा हुकूमनामा आहे. कोर्ट कर्जदाराकडे मागत बसत नाही; त्याचे पैसे ज्याच्याकडे असतील त्यालाच नोटीस धाडतं. कर्टिस काम करतो त्या गॅरेजच्या मालकाला, गॉर्डीला ती आली, तेव्हापासून पगाराचा चौथा हिस्सा परस्पर जातो. मग बँकेला आली, आणि माझ्याच खात्यातले पैसे उचलले गेले. माझ्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा बिलं भरायला बरं म्हणून मी कर्टिसचं नाव माझ्या खात्यावर घातलं होतं. आमच्या चर्चमधल्या सगळ्या म्हाताऱ्या असंच करतात. बँकेतली मुलगी म्हणाली, "आजी, खातं दोघांचं आहे. तुमचे कुठले नि त्यांचे कुठले, ते कोर्टात दाखवा." दाखवले. निम्मेच परत मिळाले.

कर्टिस त्या दिवशी घरात आलाच नाही, अंगणातूनच बोलला. "आई, माझं नाव कशावरही घालू नकोस गं. मी हात लावीन तिथे जप्ती." तेव्हापासून तो जेवायला येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, पैशांपेक्षा जास्त.

३. म्हणून मार्लिसने त्याच्या हाती रोकड किंवा चेक देऊ नये. त्याला घरात फुकट राहू द्यावं. सरपण, दाताचा डॉक्टर, ट्रकचे टायर, यांचे पैसे ज्याचे त्याला परस्पर चुकते करावेत. तो "काही नको" म्हणेल. ऐकू नये.

४. गॉर्डी चारचौघांत कर्टिसला "काय कोर्टाचे जावई!" म्हणतो. दफनानंतरच्या जेवणाला त्याला बोलवावं, पण माझ्या कृतीच्या बटाट्याच्या पोळ्या त्याच्या टेबलापर्यंत पोचू देऊ नयेत.

५. थडग्याच्या दगडावर पुढे माझं नाव, मागे "मार्लिस आणि कर्टिस यांची आई" असं कोरावं. अक्षरं सारख्या उंचीची. तेवढ्या एका जागी त्याचं नाव माझ्या नावासोबत राहू द्यावं. तिथून कोणाला काही उचलून नेता येत नाही.

वाचून, समजून सही केली.
व्हर्ना हाउगेन

आमच्यासमोर सही झाली. आम्हाला यातलं काही मिळायचं नाही:
आर्लिन टॉर्गरसन, शेजारीण
ड्वेन किव्हेला, चर्चचे खजिनदार

बेमिजी, ९ नोव्हेंबर २०१७