शिक्क्यातला तारा

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, क्लेमेंटी, सिंगापूर

उजवा डोळा चुरचुरत होता, म्हणून आज भिंग डाव्याला लावलं. जुन्या अमेरिकन टपाल तिकिटाचा गुलाबी रंग मळकट दिसला, आणि शिक्क्याच्या वर्तुळात मधोमध काहीच नाही. वेगळी छटा, वेगळा शिक्का, म्हणजे दुर्मिळ नग! हरखलोच. लेकीला, रेवाला, हाक मारली.

"मधे स्टार आहे ना, बाबा. पिंक पण सेम लाह."

खिडकीपाशी उजेडात नेलं. तरी मधोमध रिकामंच. मग उजव्याने पाहिलं, तर काळा तारा ठळक.

कधीपासून हे? मी तर भिंग कायम उजव्यालाच लावतो.

तिकीट ठेवलं, उजवा डोळा झाकला, रेवाकडे पाहिलं. केस दिसले, कानातले दिसले. मधोमध काहीच नाही.

"काय झालं, बाबा?"

ती हसत असावी.