जोत्यावरची लाल खूण

१२ ऑक्टोबर २००६
जुन्या पोस्टामागच्या गल्लीतलं नालीचं काम आमच्या ठेकेदार शेठला मिळालं. सुपरवायझर मी. व.ची गल्ली. (पूर्ण नाव लिहीत नाही, आई ही वही वाचते.) तीन वर्षं त्या गल्लीतून सायकल काढायला बहाणे शोधत होतो, आता आठ ते सहा तिथं उभं राहायचा पगार मिळणार. अमरावतीला सरांच्या टेबलावर ड्रॉइंगशीट फाडून, इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून आलो, तेव्हापासून घरात कुणी धड बोलत नव्हतं. आज आईनं हातावर दही दिलं.

१४ ऑक्टो.
न.प.चे ओव्हरशियर साहेब डंपी घेऊन आले. तिपाईवर दुर्बीण मांडून त्यातून बघत सहाही घरांच्या जोत्यांवर लाल रंगाच्या खुणा काढल्या, सगळ्या एका पातळीत. आता रहीममिस्त्री खुणेपासून खाली मोजत जाणार: पहिल्या घरापाशी दोन फूट, पुढच्या प्रत्येक घराला दोन बोटं जास्त. तेवढ्या ढाळावर गल्लीचं सांडपाणी टोकाच्या नाल्याला मिळतं. कॉलेजात याच गोष्टीला दोन तास लागले होते आणि कळली नव्हती.
पाचवं घर नाझरकाकांचं, व.च्या वडिलांचं. तहसीलमधून नाझर म्हणून रिटायर. तिथं खूण काढताना व. दारात होती. उभी पट्टी मी धरली होती. साहेब दोनदा ओरडले, सरळ धरा म्हणून.

१७ ऑक्टो.
भांडलो. पाच दिवसही झाले नाहीत.
नाझरकाकांच्या नळाचा पाइप जुन्या नालीच्या आतून गेलेला. इस्टिमेटमध्ये स्वच्छ लिहिलंय, पिण्याच्या पाण्याचा पाइप नालीत नको, वरून आणि लांबून न्यायचा. तसं सांगितलं. काका म्हणाले वीस वर्षं काही झालं नाही. मी म्हणालो, मग तुम्हाला एवढा ताप कशानं आला? खरं म्हणजे तो ताप डासांचा, चिकुनगुनिया. गावात अर्धी माणसं गुडघे धरून चालतात, काकांची बोटंसुद्धा वळत नाहीत. पण मला त्या वेळी जिंकायचं होतं. काका आत गेले ते परत आलेच नाहीत. पाइप हलवला. व. खिडकीतून सगळं ऐकत होती.
मिस्त्री म्हणे, ‘‘इंजिनेर, बात सही होती तुमची. पण सासऱ्याशी असं बोलतेत का?’’
मजूर दिवसभर हसले. मिस्त्रीचे रोजे चालू आहेत. दिवसभर पाण्यात हात आणि घोटभर पाणी नाही, तरी थट्टा सुटत नाही त्यांची.

२० ऑक्टो.
दोन घरांपर्यंत तळाचा बेड टाकून झाला. आता दिवाळी, लगेच ईद. सव्वीसपर्यंत काम बंद. सहा दिवस त्या गल्लीत जायला कारण नाही.

२५ ऑक्टो.
ईद. मिस्त्रींकडे शीरखुर्मा. त्यांचं घर जिनिंगच्या रस्त्यावर. कापसाच्या ट्रॉल्या पार मारेगाव नाक्यापर्यंत उभ्या. भाव आणखी उतरला म्हणे, माणसं ट्रॉलीवरच झोपलेली. मिस्त्रींनी दोन ट्रॉलीवाल्यांना हाक मारून वाट्या दिल्या, ओळख ना पाळख. मला म्हणाले, ‘‘तुमची नजर पाचव्या घरावरच अटकते बाबू. पुढं सहावं बी हाय.’’

२७ ऑक्टो.
आजचा दिवस कधी विसरणार नाही.
दिवाळीत सगळ्या गल्लीनं रंगरंगोटी केली. नाझरकाकांचं जोतं खाली गेरू, वर पांढरा चुना, मधे निळा पट्टा. मी लाल खूण शोधत उभा. व. बाहेर आली. पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, ‘‘तुमची खूण रंगात गेली होती. मी पुन्हा काढून ठेवली, पट्ट्याच्या वर.’’
सुरेख काढली होती. साहेबांच्यापेक्षा सरळ. मी थँक्यू म्हणालो की नाही आठवत नाही.
मिस्त्री पाण्याची नळी घेऊन आले, दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं ती. म्हणाले, मागच्या खुणेशी एकदा पाणी लावून पाहू. मी म्हटलं, राहू द्या ना चाचा, खूण आहे तर. त्यांनी नळी गुंडाळली. मग मापाची काठी खुणेला लावली.

२ नोव्हेंबर
बेड झाला, दोन्ही भिंती झाल्या, प्लास्टर झालं. आता आठ दिवस तराई: नालीत जागोजागी मातीच्या पाळी घालून पाणी भरून ठेवायचं. पाणी घालायला मी स्वतः जातो. शेठ म्हणतो, पोरगं कामाचं निघालं. शेठला काय माहीत.

१० नोव्हें.

सकाळी पाळी फोडल्या. पहिल्या घरापासून पाणी सुटलं, चौथ्या घरापाशी येऊन थांबलं. वाटलं, कचरा असेल. मिस्त्रींनी फावड्यानं ओढलं. पुन्हा थांबलं. रस्त्यात ट्रॉलीतून सांडलेला कापूस होता, त्यातला एक पुंजका उचलून त्यांनी नाझरकाकांच्या दारासमोर पाण्यावर सोडला. पुंजका जरा हलला आणि माझ्याकडे आला. उलटा. नाल्याकडे जायचा तो.
मिस्त्री उठले. नळी आणली. एक टोक चौथ्या घराच्या जुन्या खुणेला, दुसरं व.च्या खुणेला. चार बोटं. खूण चार बोटं वर. खूण वर म्हणून तळ वर. काकांच्या दारात नालीला उंचवटा आणि अलीकडे गल्लीचं सगळं पाणी साचणार. आज आंघोळीचं, उद्या भांड्यांचं, मग डास. ज्यांची बोटं अजून वळत नाहीत त्यांच्याच दारात.
मिस्त्री शेवटी एवढंच म्हणाले, ‘‘त्या दिवशी पाणी लावलं असतं तर.’’
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हें.
शेठला सांगितलं. शेठ हसला. म्हणे, सोमवारी सिमेंटचे ढापे टाक वरून. एकदा नाली झाकली की तळ कोण पाहतो? बिल निघालं की नाली न.प.ची.
परत येताना काका दारात खुर्ची टाकून बसलेले. नालीतलं साचलेलं पाणी बघत होते. मला बघून म्हणाले, ‘‘काहो, हे असंच राहणार का?’’
तोंडाशी आलं होतं. तुमच्याच मुलीला विचारा. एक शब्द पुढं गेलो असतो तर… गेलो नाही. म्हणालो, बघतो.
ढापे टाकले तर कुणाला कळणार नाही. व.ला तर नाहीच. सोमवार परवा आहे.

१३ नोव्हें.
ढाप्यांची ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी आली. मिस्त्रींना म्हटलं, उतरवू नका. आणि सायकल काढून सरळ न.प.त गेलो.
साहेब टेबलाशी, मनगट कापडात बांधलेलं. त्यांनाही ताप झाला होता. उभ्या उभ्या सांगितलं: पाचव्या घरापाशी तळ चार बोटं वर आहे, भिंती बांधून झाल्यात, शेठ ढापे टाकायला सांगतो. त्यांनी विचारलं, खूण पुन्हा कुणी काढली? मी म्हणालो, खूण मी तपासली नाही, चूक माझी. पुन्हा विचारलं, कुणी काढली? मी पुन्हा तेच म्हणालो.
साहेबांनी फाइल काढली. आता नोकरी गेली, आता बोलणी. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं: भिंत सुरू करण्यापूर्वी तळाची पातळी तपासावी. खाली दोन सह्या. एक माझी, एक त्यांची. म्हणाले, ‘‘मीही आलो नाही. अंगात ताप होता, घरी पडल्या पडल्या सही केली. बरं झालं ढाप्यांआधी आलास.’’
बरं झालं म्हणाले. तू म्हणाले. बाहेर येऊन पायरीवर बसलो, मग सायकल काढली.
दुपारी डंपी लावली. चौथ्यापासून सहाव्या घरापर्यंत फोडायचं. शेठला साहेबांनीच फोन केला. शेठ मला म्हणाला, फोडायची मजुरी देणार नाही, तूच फोड. म्हटलं, फोडतो.

१४ नोव्हें.
पहाटेपासून घण. हाताला फोड आले. न बोलावता मिस्त्री आले, छिन्नी घेऊन शेजारी बसले. म्हटलं, तुम्ही का? म्हणाले, काठी मी लावली होती ना.
दहाच्या सुमाराला नाझरकाका काठी टेकत बाहेर. गल्ली जमलेली. तहसीलचा तो सगळा आवाज अजून शाबूत आहे. म्हणाले, अर्ज दिलाय मी न.प.त, प्रत कलेक्टरला. अर्धवट शिकलेल्याच्या हातात गल्ली दिली, दुसरं काय होणार. कॉलेजातून हाकलून दिलेला माणूस.
हाकलून नाही, मी सोडलं. ते म्हणायला तोंड उघडलं. डोकं भडकलं होतं, घण हातात होता. मिस्त्रींनी माझा दंड धरला.
आणि दारातून व.
‘‘बाबा, ती खूण मी काढली होती.’’
काका वळले. ती म्हणाली, रंग देताना पुसली म्हणून मी अंदाजानं काढली. पट्टा खराब दिसू नये म्हणून वर काढली. यांनी कुणाला सांगितलं नाही.
  काका काठी टेकत आत गेले. व. पण.
मिस्त्री म्हणाले, चला, हात चालवा. दिवसभर माझा घण हलका लागत होता. हातातून रक्त येत होतं तरी.

१६ नोव्हें.
फोडणं संपलं. काकांच्या घरून काल दोनदा चहा आला, आज दोनदा. आणून ठेवते व.ची आई. व. दिसली नाही. तिला घरात बोलणी बसली असतील का? आईनं विचारलं, हाताला काय झालं. सांगितलं सगळं. (वाचतेच आहेस तर वाच. व. कोण ते तुला ठाऊक आहे.) आईनं हळद लावली. आणि हसली.

१८ नोव्हें.
नवा बेड आज. मिस्त्रींनी साहेबांसमोर सहाही जोत्यांवर छिन्नीनं खुणा कोरल्या, आता कितीही रंग द्या. तरी पाणी लावायचंच, असं मीच म्हणालो. नळीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं टोक धरायला मिस्त्री मजुराला हाक मारत होते, तेवढ्यात नाझरकाका पायरी उतरले. म्हणाले, द्या इकडे. बोटं मिटत नव्हती, दोन्ही तळव्यांत धरली नळी भिंतीला. ‘‘हलू नका. पाणी हलून राह्यलं अजून. थांबा. आता पाहा.’’
सहा घरं तपासली. प्रत्येक खुणेला काका आकडा मोठ्यांदा सांगत आणि स्वतःच्या वहीत लिहून घेत. कलेक्टरच्या प्रतीचं काय झालं, विचारायचं धाडस झालं नाही. साहेब जाताना म्हणाले, अर्ज मागे घेतल्याचा दुसरा अर्ज आलाय, दीड पानी.

२७ नोव्हें.
पाळी फोडल्या.
पहिल्या घरापाशी टँकरचं पाणी सोडलं. मी चौथ्या घरापाशी उकिडवा बसलो. पाणी आलं, नुसतं आलं नाही, पळत आलं. काकांच्या दारासमोरून गेलं. सहाव्या घरावरून गेलं. नाल्यात पडल्याचा आवाज मी इकडे ऐकला. मागे नालीचा तळ ओला, कुठं एक थेंब उभा नाही.
काका म्हणाले, ‘‘गेलं.’’ फक्त एवढं. मिस्त्री खाली बसले आणि बिडी पेटवली. मी गल्लीच्या टोकापर्यंत पाण्याबरोबर चालत गेलो आणि तिथं कुणी नाही बघून थोडा रडलो. दोन आठवडे छातीवर ठेवलेलं काहीतरी त्या पाण्याबरोबर गेलं. नोकरी आहे. हात बरे होतील. नाली बरोबर आहे. कुणी कधी बघणार नाही, पण बरोबर आहे.
पुढच्या सोमवारी साहेबांनी बोलावलंय. बाजाराच्या रस्त्याचं काम निघतंय. त्यांनी विचारलं, कॉलेजात राहिलेले पेपर बाहेरून देता येतात का, चौकशी केलीस? नाही केली. करतो म्हणालो. राग आला नाही, याचंच नवल.

३० नोव्हें.
ढापे टाकून झाले. दुपारी साहित्य उचललं, पाट्या, घमेली, नळी. गल्ली झाडून काढली. मिस्त्री ट्रॉलीबरोबर पुढे गेले.
मी सायकलचं कुलूप काढत होतो. व. पायरी उतरून नव्या ढाप्यावर येऊन उभी राहिली. एकटीच. इतक्या दिवसांत इतक्या जवळ कधी आली नव्हती. म्हणाली, एक विचारू का? खूण मी काढली हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग साहेबांना काहून नाही सांगितलं?
तीन वर्षांत अशा एका क्षणासाठी मी किती वाक्यं तयार करून ठेवली असतील. एकही आठवलं नाही. म्हणालो, पाणी लावून पाहिलं नाही ती चूक माझीच होती.
 ती म्हणाली, ‘‘एवढंच?’’
आतून काकांनी हाक मारली. ती गेली. दार ओढून घेतलं नाही.
मी सायकल घेऊन घरी आलो. तिच्या ‘एवढंच?’चं उत्तर द्यायचं राहिलंय. उद्यापासून त्या गल्लीत माझं काहीच काम नाही.
उद्या जातो.