जिथं कुणी ब्रेक मारत नाही

२ डिसेंबर २०२४, सकाळी ७.१०
प्रोजेक्ट मंजूर! ‘ग्रामीण महामार्गावरील आरोग्य व अपघात-प्रतिबंधासाठी मोबाईल तंत्रज्ञान आणि सौरऊर्जा यांचा उपयोजित अभ्यास’. मुख्य संशोधक: प्रा. विश्वजीत तांगडे, म्हणजे मी. ऊर्जा, मोबाईल, आरोग्य, रस्ता, सगळं एका दमात. प्राचार्य म्हणाले, तांगडे, आता फक्त हवामान राहिलं. कौतुकच ते.

कल्पना साधी आहे. लोकांच्या मोबाईलमध्ये आपलं ॲप टाकायचं. गाडीवर असताना त्यांनी करकचून ब्रेक मारला की मोबाईलला धक्का बसतो आणि ॲप ती जागा टिपतं. जिथं ब्रेक जास्त तिथं धोका जास्त. तिथं आपला सौर दिवा लावायचा, पिवळा, लुकलुकणारा. हे आधी कुणाला कसं सुचलं नाही?

संकल्प: १) रोज हेल्मेट. २) रोज संध्याकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन निरीक्षण. ३) ही वही नियमित. कुणालाही दाखवायची नाही, बायकोला, म्हणजे प्रेरणालाही नाही.

४ डिसेंबर
उस्मानपुऱ्यातल्या घरून निघताना हेल्मेट घातलं. स्टेशनच्या पुलापर्यंत मान अवघडली. स्कूटरच्या डिकीत ठेवलं. संशोधकाची मान शाबूत राहणं प्रोजेक्टच्या हिताचं आहे. सोमवारपासून घालणार.

९ डिसेंबर
चितेगाव. कंपनीच्या गेटसमोर पैठण रोडवर एक चहाची टपरी आहे. केसरबाई नावाच्या मावशी चालवतात. समोर दुभाजकात एक फट. शिफ्ट सुटली की बायका त्या फटीतून रस्ता ओलांडून गावाकडे जातात.

मावशींची सून अमृता कंपनीत पॅकिंगला आहे. तिनं पुढाकार घेऊन सगळ्यांना ॲप टाकायला लावलं. दुचाकीवाले चाळीस, आणि पायी चालणारी ती एकटी. सहभागी क्रमांक ४१. हुशार मुलगी. पायी चालणाऱ्यांच्या ॲपचा काय उपयोग, असं तिनंच विचारलं. मी म्हणालो, विज्ञानात सगळ्याचा उपयोग होतो.

मावशी म्हणाल्या, “सर, दिवा लावायचाच तर ह्या फटीपाशी लावा.” मी समजावलं, की जागा आपण ठरवत नसतो, डेटा ठरवतो. त्या म्हणाल्या, “मोबाईलला काय कळतंय? मी सोळा वर्सं झाली इथं बसतीये.”

‘स्थानिकांशी विचारविनिमय’ या फॉर्मवर त्यांची सही घेतली. पूर्ण नाव लिहितात, सावकाश आणि सुरेख. सही करताना त्यांनी विचारलं, म्हंजे दिवा हितंच ना? मी व्हय म्हणालो. अशा वेळी म्हणावं लागतं.

१९ डिसेंबर
रस्त्यावर जाणं जमलं नाही. (आजवर एकूण दोन वेळा.) पण डेटा घरबसल्या येतोच आहे. प्रत्यक्ष गेलं की उलट मन कलुषित होतं.

प्रेरणा हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. ती म्हणाली, आमच्याकडे पैठण रोडचे पेशंट येतात, कुठं लागलं ते विचारून लिहून आणू का? मी नको म्हटलं. दवाखान्यातली माहिती अपघातानंतरची. माझी पद्धत अपघाताच्या आधीची. फरक तिला नीट समजावून सांगितला. ती मेथी निवडत होती. मान हलवली.

३० डिसेंबर
नकाशा तयार! लाल ठिपका स्पष्ट आहे: फटीच्या अलीकडे सव्वा किलोमीटर, मोठ्या ढाब्यासमोर. तीनशे बारा ब्रेक. मावशींच्या फटीपाशी अकरा. नकाशावर फट हिरवीगार.

सोनिया मॅडम आमच्याकडे स्टॅटिस्टिक्स शिकवतात. नकाशा बघून म्हणाल्या, सर, ढाब्यासमोर गतिरोधक आहे ना? मी म्हणालो, असेल. त्या म्हणाल्या, मग तिथं सगळेच ब्रेक मारणार. मी म्हणालो, बरोबर, तेच तर नकाशा सांगतोय. त्यांनी नकाशा मला परत दिला. नंतर त्यांचं लेक्चर होतं.

८ जानेवारी २०२५
ढाब्यासमोर खांबासाठी खड्डा झाला. परतताना मावशींना सांगणं भाग होतं. त्यांना मोबाईलवर नकाशा दाखवला. लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे सुरक्षित.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हणाल्या, “सर, जिथं ब्रेक मारतेत तिथं कोण मरतं? इथं कोणी मारतच नाय. म्हून तर मरतेत.”



इथं प्रामाणिकपणे लिहितो, कारण कुणी वाचणार नाही: त्या क्षणी मला कळलं. अर्धवट नाही, पूर्ण कळलं. पण खड्डा झालाय. सतरा तारखेला पाहुणे येणार, पत्रिका छापून झाली. ढाब्यासमोर त्यांच्या गाड्या लावायला जागा आहे. फटीपाशी काहीच नाही.

शिवाय एका व्यक्तीचं मत म्हणजे डेटा नव्हे. (घरी आल्यावर हे सुचलं. बरं वाटलं.)

१७ जानेवारी
उद्घाटन. रस्ता सुरक्षा महिना असल्यानं गर्दी चांगली. पाहुण्यांनी बटण दाबलं. दुपारच्या उन्हात दिवा लागलाय की नाही ते दिसेना, म्हणून फोटोग्राफरनं मला दिव्यावर सावली धरायला लावलं. म्हणून फोटोत माझं डोकं नाही, हात आहेत.

अमृता सुट्टी टाकून आली होती. टाळ्या वाजवल्या. नंतर बाजूला घेऊन विचारलं, सर, आमच्याकडचा कधी? मी म्हणालो, दुसऱ्या टप्प्यात.

दुसरा टप्पा नाही. पण असू शकतो. प्रस्ताव लिहायला घेतो.

२४ जानेवारी
पहिला आठवडा. ढाब्यासमोर अपघात: शून्य! सोनिया मॅडमनी विचारलं, दिव्याआधी तिथं किती होते? मी म्हणालो, तेही शून्यच. म्हणजे सातत्य आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांचा स्वभाव तसा कोरडाच.

३ फेब्रुवारी
दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव: शीर्षक लिहून झालं. फॉन्ट ठरत नाहीये.

८ फेब्रुवारी
सकाळपासून केसरबाईंचे तीन मिस्ड कॉल. दिव्याचंच विचारणार. प्रस्ताव पूर्ण झाला की मीच फोन करीन, हातात काहीतरी घेऊन बोललेलं बरं.

हेल्मेट सोमवारपासून.

११ फेब्रुवारी, सकाळी ९
प्रेरणा रात्रपाळी करून आली. चहा न घेताच बसली. म्हणाली, काल संध्याकाळी चितेगावची एक मुलगी आलीये. कंपनी सुटल्यावर रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलं. डावा पाय, दोन ठिकाणी. नाव अमृता.

मी विचारलं, अमृता काय? तिनं आडनाव सांगितलं. मी परत विचारलं, तिनं परत सांगितलं.

टेम्पोवाल्यानं ब्रेक मारला का, असंही मी विचारलं. प्रेरणा म्हणाली, हा काय प्रश्न झाला?

दुपारी ३
कॉलेजात कालचा डेटा उघडला. फटीपाशी ब्रेक शून्य. फट हिरवी.

मग सहभागी क्रमांक ४१ ची फाईल उघडली. सहा वाजून आठ मिनिटं: एक मोठा धक्का. पुढं लिहिलंय, ‘मोबाईल हातातून पडला. नोंद वगळली.’

हा नियम मी घातलेला आहे. लोकांच्या हातून मोबाईल सारखे पडतात, उगाच आकडे फुगतात, म्हणून फार मोठा धक्का असला की वगळायचा. डिसेंबरमध्ये या नियमाचा मला अभिमान वाटला होता.

१२ फेब्रुवारी
केसरबाईंना फोन केला. त्यांचा आवाज शांत होता, त्यानं जास्त त्रास झाला. शनिवारी का फोन केला होता ते त्यांनी सांगितलं. कंपनीच्या गेटवरचा मोठा दिवा बंद पडला होता, फटीपाशी अंधार झाला होता. “तुमच्याकडं एखादा जुना दिवा पडून असंल तर मागावा म्हटलं, चार दिसांपुरता.”

जुना नाही. नवाच आहे. जास्तीचा म्हणून मागवलेला, लॅबच्या खिडकीत ठेवलाय. रोज संध्याकाळी आपोआप लागतो आणि पार्किंगमधल्या स्कूटरींना सावध करतो.

मी मावशींना म्हणालो, मी मीटिंगमध्ये होतो. शनिवारी मी सोफ्यावर होतो.

१३ फेब्रुवारी
आज अमृताला भेटून माफी मागायची हे नक्की केलं. डाळिंबं घेतली. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. भेटायची वेळ संपली असेल असं वाटलं, परत आलो. प्रेरणा म्हणाली, वेळ आठपर्यंत असते. तेव्हा सव्वासहा झाले होते. मग तिनं डाळिंबं सोलली. आम्ही खाल्ली. गोड होती.

१७ फेब्रुवारी
खिडकीतला दिवा काढला. परवानगी कुणालाच विचारली नाही. स्कूटरवर मागे बांधला आणि चितेगावला गेलो. (हेल्मेट घातलं. मान दुखते, खरंच दुखते, पण घातलं.) फटीपाशी लोखंडी खांब होता, त्याला तारेनं बांधायला लागलो. अर्धा तास लागला. इलेक्ट्रॉनिक्सचा प्राध्यापक, पण गाठ बसेना.

मावशी टपरीतून बघत होत्या. शेवटी आल्या. म्हणाल्या, “सर, तोंड तिकडं नका करू. गाड्या हिकडनं येतेत.” मी दिवा शेताकडे तोंड करून बांधला होता. त्यांनी एका हातानं धरला, मी सोडला, फिरवला, पुन्हा बांधला. अंधार पडताच लागला. पहिल्या ट्रकनं वेग कमी केला. शिफ्टच्या बायका ओलांडून गेल्या.

मला वाटलं, मावशी काहीतरी म्हणतील. त्या दूध उतू जातंय का बघायला गेल्या.

२१ फेब्रुवारी
फटीपाशी चार दिवसांत एकशे चाळीस ब्रेक. दुचाकीवाले आता थांबतात. त्यामुळे नकाशावर फट लाल झाली! दिवा नव्हता तेव्हा सुरक्षित, दिवा लागला आणि धोकादायक. प्राचार्यांनी विचारलं, हे काय? अंतिम अहवाल सोमवारी द्यायचाय, हा ठिपका कसा समजावणार?

मी ठरवलंय. खरं लिहिणार. पद्धतच उलटी आहे, हे पहिल्या पानावर. केसरबाईंचं वाक्य त्यांच्या नावासकट. अमृताची नोंद जशीच्या तशी. मग जे व्हायचं ते होवो. हे लिहूनच हलकं वाटतंय.

२४ फेब्रुवारी, सायंकाळी ५
अहवाल दिला.

पहिल्या पानावरचा मजकूर प्राचार्यांनी आत घ्यायला सांगितला. आत घेताना मी तो थोडा आटोपशीर केला. मग अजून थोडा. आता तो पान ४६ वर, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली, असा आहे: ‘काही ठिकाणी ब्रेक न मारणे हेही धोक्याचे लक्षण असू शकते. अधिक संशोधन आवश्यक.’

नाव कुणाचंच नाही. फटीपाशीचा ठिपका ‘तांत्रिक कारणास्तव’ वगळला. वगळायला सांगितलं त्यांनी, वगळलं मी.

सोनिया मॅडमनी अहवाल चाळला. पान ४६ वर थांबल्या. म्हणाल्या, हे वाक्य तुमचं नाही. मी पुढचं पान उलटलं. हो, केसरबाईंचं आहे, असं म्हणायला एवढी चांगली संधी परत मिळणार नाही.

२८ फेब्रुवारी
विज्ञान दिन. कॉलेजात शाल, नारळ. प्राचार्य भाषणात म्हणाले, समाजोपयोगी संशोधन. मी उभं राहून नमस्कार केला.

शाल डिकीत ठेवून तसाच चितेगावला गेलो. आता मात्र बोलायचंच. चार वाक्यं पाठ केली होती. तुझ्या सासूबाईंनी मला जागा सांगितली होती. मला ती पटली होती. तरी मी दिवा दुसरीकडे लावला. माझं चुकलं.

अमृता घरी पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये. मावशी टपरीवर होत्या. मला बघून ती उठू लागली, मी नको नको म्हणालो. बसा सर, म्हणाली. मी बसलो. पहिलं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, फीडबॅक घ्यायला आलात का?

मी हो म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. खिशातून पेनही काढलं.

तिनं उशाखालून मोबाईल काढून माझ्याकडे दिला. “सर, राग नका मानू, पण हे ॲप काढून द्या ना. रोज सकाळी बोलतंय ते.”

स्क्रीनवर होतं: ‘सुप्रभात! काल तुमची ० पावलं झाली. आरोग्यासाठी थोडं चालून या!’

रोज एक. खाली खाली सरकवत गेलो, बारा फेब्रुवारीपर्यंत. प्रोजेक्टच्या नावात आरोग्य हा शब्द होता, त्याचं काहीतरी दाखवायला हवं म्हणून एका दुपारी दहा मिनिटांत मी हे घातलं होतं.

‘सहभाग थांबवा’ दाबलं. ॲपनं कारण विचारलं. वेळ नाही. रस नाही. बॅटरी उतरते. इतर. मी ‘इतर’ दाबलं.

तिनं विचारलं, झालं का सर? मी म्हणालो, झालं.

मग तिनं मला चहा विचारला. मी नको म्हणालो, आणि निघालो.