बाळगोळीची डबी

॥ श्री ॥
करावे, १३ जानेवारी १९६३

ती. सौ. गोजराअक्कास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

खुशाली विचारत नाही, कारण इकडची सांगवत नाही. पुनवेला सखूवहिनी उजाडताच ओहोटीच्या चिखलात शिंपल्या वेचायला गेली. जाताना तान्ह्या पुतळाला बाळगोळी चाटवली, पोरीनं निजून राहावं म्हणून. तुला ठाऊकच आहे, त्या गोळीत अफू असते. दुपार कलली तरी पोर उठेना. आईनं तळवे चोळले, कांदा हुंगवला, तेव्हा कुठे डोळे किलकिले झाले. तेवढ्यात वहिनी बाजार उरकून टोपली घेऊन आली, आणि मी साऱ्या आळीसमोर तिला विचारलं की तू आई आहेस की वैरीण. ती टोपली उतरवून पाजायला बसली.

आता बाया म्हणतात, अफूचं हे खूळ बालवाडीच्या जमुनाबाईंनी माझ्या डोक्यात भरलं. दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत एक पोर नाही. महिनाअखेर विकास ब्लॉकाचे साहेब तपासणीला येणार. पोरं नसली तर बालवाडी दुसऱ्या गावाला जाईल आणि जमुनाबाई रबाळ्याला, आपल्या घरी. मग मी काय करू, अक्का? कॉलेज सोडून आलो तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. जेवायला हाक मारायची तरी जाळ्याकडे बघून मारतात. रिकाम्या अंगणात दहाची घंटा होते आणि ती ऐकत मी बंदरावर येरझाऱ्या घालतो. हसू नकोस.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा,
वामन

महापे, १९ जानेवारी

चि. वामन यास,
गोजराचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला आला नाहीस. तिळगूळ पाठवलाय. सगळा तूच खा, तुझ्या तोंडाला त्याची लई गरज हाय. तुझे भावजी म्हनतात, हा पोरगा मिरचीच्या वाफ्यात उगवायचा, चुकून खाडीवर जल्मला.

वहिनीला वैरीन म्हनालास. आरे, तुलाबी आईनं हीच गोळी चाटवलीय. मी होते तिथं. तू रडायचास आनि मला उचलवत नव्हतास. मंग आईबी वैरीन का? गुडघाभर चिखलात पोर पाठीला बांधून कोन उतरंल? गोळी वाईटच. ती बंद व्हायलाच पायजे. पन ती काढून घेतलीस तर तिच्या जागी काय देनार, ते आदी सांग.

आनि तुझ्या बाईंना विचार, दहाची घंटा कोनासाठी? पुनवेला, अमावशेला बाया उजाडताच उतरतात, अष्टमीला दुपारच्या. खाडी घड्याळ बघते का? तू एकदा वहिनीबरोबर चिखलात उतर. तिथं बडबडलं की तोंडात चिखल जातो.

बाबांचं म्हनशील तर त्यांना राग नाय. तुझ्याशी काय बोलावं ते त्यांना कळत नाय, म्हनून जाळं बघतात. बाईंबद्दल जे लिवलं नायस तेबी मी वाचलं. आदी मानसात ये, मंग बघू.

येत जा, लिवत जा, माया पातळ करू नको.
तुझी,
गोजराअक्का

करावे, ३० जानेवारी

ती. सौ. अक्कास,
वामनचा शि. सा. न. वि. वि.

अमावस्येला उतरलो. बंदराचा धक्का दिसेनासा व्हायच्या आत रुतलो. वहिनीनंच काखेत हात घालून ओढून काढलं, तशा साऱ्या जणी हसल्या. त्यांतल्या येसूबाईनं विचारलं की पाय उचलण्याआधी टाच वळवावी, एवढंसुद्धा कॉलेजात शिकवत नाहीत का. परतताना मी वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, माफी घेऊन काय करू, उद्या उजाडता पोरीला कोण घेईल ते बोल.

मी तसाच चिखलानं माखलेला जमुनाबाईंकडे गेलो. तुझा दहाच्या घंटेचा प्रश्न ऐकून त्यांना आधी राग आला. मग त्या घंटा घेऊन थेट बाबांकडे आल्या आणि कोणत्या तिथीला पाणी कधी ओसरतं ते विचारत बसल्या. बाबा इतकं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

आता घंटा ओहोटीवर होते. बालवाडी आपल्या ओट्यावर आली आहे. म्हातारे जाळी दुरुस्त करता करता पोरं राखतात. बाया चिखलातून आल्या, पाय धुतले, की बाई त्यांना लगेच सोडत नाहीत. लेकराला मांडीवर घेऊन सगळ्या बसतात. बाई गाणं सांगतात, पेज कशी भरवावी ते सांगतात, आणि खोकल्याला काय द्यावं ते बायांकडून शिकतात. मग टोपल्या बाजाराला जातात.

काल साहेब आले. बालवाडी दहालाच भरली पाहिजे म्हणाले. बाबा त्यांना म्हणाले की आधी खाडीला विचारून या. साहेब भरलेल्या ओट्याकडे बघत राहिले. होळीपर्यंत असंच चालू द्या, पुढचं पुढे, असं सांगून गेले. जमुनाबाई माझ्याकडे बघून हसल्या. याहून जास्त काही घडलेलं नाही, आणि माझा पाय जमिनीवर ठरत नाही. त्यांनी मला रांगत्या पोरांवर नेमलंय. ओरडायचं नाही, एवढीच अट.

आज वहिनीनं बाळगोळीची डबी काढली. बाईंना नाही, आईला नाही, माझ्या हातात दिली. म्हणाली की पोर रडलं तर आता तू आहेस. डबी खिशात आहे. टाकायचं धाडस अजून होत नाही.

हे लिहितोय तोवर पुतळा उठली. भोकाड पसरलंय, सारी आळी दणाणली. बाबा म्हणतात, घे तिला. अक्का, जाळ्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले.

थांबतो. आपल्या मायेला ओहोटी नसावी.
तुझा,
वामन