समुद्राच्या तळचा देव

११ ऑगस्ट
समीक्षा आली! गोव्याहून, समुद्राचा तळ तपासणाऱ्या जहाजावरच्या नोकरीतून. बाभुळगावच्या स्टँडवर रुमालात गुंडाळलेला काळा दगड हातात दिला. बटाट्याएवढा, खरबरीत. समुद्राच्या तळावर असे पसरलेले आहेत म्हणे. "यात निकेल, कोबाल्ट. तू लोहाऱ्याच्या कारखान्यात स्कूटरच्या बॅटऱ्या जोडतं ना, उद्या त्या याच्यातूनच बनतीन." आत कायतरी बारीकसं असतं, त्याच्याभोवती थर चढतात. एवढा व्हायला लाखो वर्षं!
म्हटलं, "मी थांबू तेवढा?"
"कॉलेजात डिग्रीची तीन वर्षं थांबला नाई तू. मोठा आला थांबणारा!"
हसली. पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर. तिकडे फोन लागत नाही.

१३ ऑगस्ट
याडीनं दगडाला शेंदूर लावला! देवळीत ठेवला, संत सेवाभायाच्या फोटोजवळ. "एवढ्या खोलातून माह्या पोराच्या हातात आला, उगाच आला का? माग काय मांगाचं ते."
मस्करीत हात जोडले. मागितलं — समीक्षा परत समुद्रावर जाऊ नये.
दगड ओला लागला. कोणी पाणी घातलं नव्हतं.

१७ ऑगस्ट
डोळे मिटले की अंधार, अन् छातीवर सगळ्या समुद्राचं पाणी.

२२ ऑगस्ट
समीक्षाचा फोन. रडत होती. दगड जहाजावरच्या नमुन्यांच्या पेटीतून न विचारता उचलला होता तिनं — माझ्यासाठी! आता तपासणी लागली. "दगड सोमवारपर्यंत गोव्यात पोचला पायजे ओम, नाई तर नोकरी जाते माही."
"तू जहाजावर नको जाऊ, मंग देतो."
"हे प्रेम होय का धमकी?"
फोन कापला मी. डोकं फिरलं. देवळीतून दगड उचलला, अंगणात हातोड्यानं फोडला. एका घावात!
आत दात निघाला. माशाचा. कोण्या जमान्यात मेलेला मासा, अन् त्याच्या एका दाताभोवती एवढी वर्षं थरावर थर —
धार तशीच आहे. बोट कापलं.

२३ ऑगस्ट
तुकडे तरी पाठवू म्हणून उठलो. अंगण झाडलेलं! याडी बेंबळा नदीवरून परत येत होती. "फुटला देव घरात ठेवत नाई. पाण्यातला होता, पाण्यात सोडला." मग माझ्याकडे न पाहता — "काहून फोडला रे? तुह्यं मागणं होतं त्याच्यापाशी."
समीक्षा फोन उचलत नाही.

४ सप्टेंबर
समीक्षाला काढून टाकलं. आता ती समुद्रावर जाणार नाही. स्टँडवर दिसली. माझ्याकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं.
दात माझ्या खिशात आहे. ओला लागतो. त्याच्यापाशी दुसरं काही मागायची हिंमत नाही.