घरी बांधलेला बोर्ड

अण्णा, तुमची नात दर्यावर उभी राहायला शिकते आहे. होडीत नाही, नुसत्या फळीवर. सर्फिंग म्हणतात त्याला. फळीवर पालथं पडून हात मारत आत जायचं, मागून लाट आली आणि तिने उचललं की उभं राहायचं, आणि तसंच किनाऱ्यापर्यंत यायचं. मासे नाहीत, माल नाही, कुठे पोचायचं नाही. तुम्ही असता तर "कशाला?" एवढंच विचारून पुन्हा रंधा मारायला लागला असता. मीही तेच विचारलं होतं, ती नुसती हसली. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती. आता चिपळूणला कॉलेजात आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की हातपाय धुवायच्या आधी भरती कधी आहे ते विचारते.

आमचं भांडण झालं ते बोर्डावरून. मी म्हणाले, विकत घेऊ. किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी एक बाई आहे, उन्हाने रापलेली, हडकुळी, कमी बोलणारी. तिचंही तेच म्हणणं होतं. "पहिला बोर्ड फोमचा घ्या, काकू. डोक्यात बसला तरी टेंगळावर भागतं." तुमच्या नातीला तो नको होता. होडी बांधणाऱ्याची नात असून कारखान्यातला बोर्ड काखेत मारून कशी जाऊ, म्हणे. तिला तुमच्या होड्या बांधायच्या मांडवात, तुमच्या हत्यारांनी, स्वतः बांधायचा होता. आत माशाच्या काट्यासारखा सांगाडा, त्यावर शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या, मधे सगळं पोकळ. मोबाइलवर बघून बघून तिने पाठच केलं होतं. मी पुष्कळ ताणून धरलं. नवशिकीने आधी शिकावं, कलाकुसर मागाहून करावी, असं शाळेत वर्गापुढे बोलते तसं लांबलचक बोलले. मग एका सकाळी ती तुमचा रंधा घेऊन बसली आणि लाकडाच्या उलट्या अंगाने ढकलायला लागली. ते काही मला बघवेना. उठून तिच्या हातातून रंधा घेतला, आणि तिथेच मी हरले.

खरी भीती मी तिला सांगितलेली नव्हती. ती पोहायला शिकलीय, चिपळूणला, मला न विचारता. मला मात्र येत नाही. ती आत गेली आणि काही झालं तर मी काठावर उभी राहून बघण्यापलीकडे काही करू शकणार नव्हते. ही तुमची कृपा.

मी पाचवी-सहावीत असेन. खाडीच्या उथळ पाण्यात वाडीतल्या पोरी पोहायला शिकतायत, मी त्यांच्यात. कोणीतरी माझ्या पोटाखाली हात धरलाय आणि मी पाय झाडतेय. तुम्ही काठावर येता. हाक नाही, ओरडणं नाही. चपलांसकट पाण्यात उतरता, दंडाला धरून मला बाहेर काढता आणि तशी निथळत मांडवात आणून उभी करता. समोर बुरोंडीच्या कोणाची तरी होडी अर्धी बांधून झालेली. "ज्याला पवता येतं ना, तो सांधा ढिला सोडतो," तुम्ही म्हणता. "त्याला माघारी यायला दुसरी वाट असते. आपल्या घरात कोन पवत नाय. तू पन नाय." आणि तेलात भिजवलेला कापूस माझ्या हातात देता. माझी बोटं बारीक, फळ्यांच्या फटीत नीट जायची. संध्याकाळपर्यंत मी सांधे भरत बसले, अंगावरचे कपडे अंगावरच वाळले.

आजोबांनाही पोहता येत नव्हतं. लोक लांबून आपल्याकडे होडी बांधायला यायचे ते एवढ्यासाठीच, की ही माणसं पोहत नाहीत आणि स्वतः बांधलेल्या होडीतून पहिली फेरी स्वतःच मारतात. मला त्याचा कोण अभिमान होता. शाळेत दुसऱ्या पोरींना ऐकवायचे मी. पोहू दिलं नाहीत त्या रागावर तो अभिमान इतकी वर्षं बरा पुरला.

तर बोर्ड. दिवाळीची सुट्टी आम्ही मांडवात काढली. फराळाला मी जेमतेम हात लावला, शंकरपाळे करपवले, ते तिने भुशाच्या हातांनी खाल्ले. लग्नात तुम्ही दागिन्यांबरोबर दिलेली लहान पटाशी मी ट्रंकेतून काढली. हात विसरले नव्हते, अण्णा. खोटं कशाला बोलू, मी इतकी सुखात कधीच नव्हते. सांधे असे बसले की नख जाईना.

मोबाइलवरच्या माणसाने एक गोष्ट बजावून सांगितली होती. पोकळ बोर्डाला वरून एक बारीक भोक ठेवायचं आणि त्याला फिरकीचं बूच करायचं. पाण्यात जाताना बूच घट्ट, बाहेर आल्यावर उघडं, म्हणजे उन्हात आतली हवा फुगली तर तिला जायला वाट राहते. आम्ही दोघी ड्रिल घेऊन बोर्डासमोर बसलो. बसूनच राहिलो. "एवढा घट्ट बांधला, आणि आता आपणच भोक पाडायचं?" मी म्हणाले. ती म्हणाली, "माझाही हात धजत नाहीये, आई." दोघींना हसू आलं. रक्तच तसलं, म्हणालो, आणि ड्रिल ठेवून दिलं. होडी वरून उघडी असते, तिच्यात हवा कोंडत नाही, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

बोर्ड पहिल्यांदा पाण्यात न्यायचा त्या दिवशी भरती दुपारनंतर होती. बोर्ड सकाळपासून वाळूत उन्हात पडलेला. येणारे-जाणारे त्यावरून हात फिरवून जात होते आणि मी अभिमानाने फुगून बसले होते. मधेच टक् असा आवाज आला. मी ऐकला. लाकूड तापलं की बोलतं, असं तुम्ही म्हणायचात, म्हणून जागची हलले नाही.

ती आत जाते. पहिल्या लाटेवर पडते, दुसऱ्यावर गुडघ्यांवर येते, आणि मग उभी राहते. खरंच उभी राहते, हात पसरून, आणि पार फेसापर्यंत येते. मी टाळ्या वाजवते. ती हात हलवून पुन्हा फिरते आणि या वेळी लांब जाते, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे. तिथे ती थांबलीय, लाटेची वाट बघत. मला काहीतरी खटकतं. मघाशी ती पाण्याच्या वर दिसत होती, आता कमरेपर्यंत आत आहे. बोर्डाचं टोक दिसत नाही. मी उभी राहते. पुढची लाट तिला उचलतच नाही, तिच्यावरून जाते. ती वर येते, खोकते, बोर्डाला मिठी मारते. पुन्हा लाट. बोर्ड तिच्या पायाला दोरीने बांधलेला, आणि आता तो भरलाय, लाट त्याला ओढते आणि तो तिला. "सोड," मी ओरडते, "दोरी सोड, जाऊ दे ते." तिला ऐकू येत असावं, कारण ती मान हलवते. नाही म्हणून. ती सोडत नाहीये. आईने बांधलाय म्हणून सोडत नाहीये. मी पाण्यात शिरते. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. पायाखालची वाळू सरकते आणि तिथे मी थांबते, कारण त्यापुढे मला काही येत नाही. ती दिसेनाशी होते. दिसते. दिसेनाशी होते.

ती शिकवणारी बाई माझ्या बाजूने फोमचा बोर्ड घेऊन गेली तेही मला कळलं नाही. तिने दोरी सोडवली आणि पोरीला बोर्डावर ओढून बाहेर आणलं. घोट्यावर दोरीने कातडी सोलली होती, ओठ निळे पडले होते. वाळूवर पडल्या पडल्या म्हणते काय, "आई, बोर्ड गेला." मी तिला छातीशी धरली आणि पाठीत धपाटेही घातले, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी बोर्ड खडपातल्या खडकांत अडकलेला मिळाला. एका बाजूचा सांधा हातभर उकललेला. बाईने त्यावरून बोट फिरवलं. "हवेने कुठून जायचं होतं, काकू?" एवढंच म्हणाली. आवाजात दोष नव्हता, म्हणून जास्त लागलं.

पोरीला आता दुसरा बांधायचा आहे, भोक ठेवून. मी नाही म्हणाले आणि या वेळी हरले नाही. तिला सांगितलं, शिकताना पडलीस तर चूक तुझ्या पायांची असली पाहिजे, बोर्डाची नाही. बोर्डावर शंका असली की आपलं काय चुकतंय ते कधी कळत नाही. आधी विकतचा घे, त्याच्यावर मनसोक्त पड, मग तुला कसला हवा ते तुझं तुलाच कळेल, तेव्हा बांधू. ती बरं म्हणाली. फोमचा बोर्ड आलाय. रंगाने भडक आहे, बघवत नाही. ती पुन्हा आत जाते, मी पुन्हा काठावर असते, आणि ती बाहेर येईपर्यंत खाली बसत नाही.

मी त्या बाईला विचारलंय, माझ्या वयाला पोहायला येईल का. येईल म्हणाली. घरात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, पाठवण्यासारखं नाहीच. त्या दिवशी छातीभर पाण्यात उभी असताना मी देवाचा धावा केला, असं सगळ्यांना सांगितलंय. देव आठवला नाही, अण्णा. तुम्ही आठवलात. साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी तुम्हाला शिवी घातली. मुडदा बशिवला तुमचा, म्हणाले, जिवंत माणसाला म्हणावं तसं. ती मागे घ्यावी म्हणून लिहायला बसले होते. नाही घेत.